प्रश्न ठेवला, उत्तर वगळले



सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्यात धम्म परिषद होती. वर्तमानपत्रात तिला चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ, म्हणून वही आणि मोबाईल घेऊन आम्हीच बातमीदार झालो. ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली तेव्हा ‘मूकनायक’ जेमतेम पन्नास दिवसांचा होता, आणि तिचा वृत्तांत त्यानेच छापला.

मंडपामागे वक्त्यांना गाठले. पहिल्या तिघांनी आपले भाषणच पुन्हा ऐकवले. चूक आमची. ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ असे विचारले की संदेशच मिळणार. समाजशास्त्रात एम.ए. करूनही हे कळले नव्हते.

खरा प्रश्न मिळाला जेवणाच्या रांगेत. वरण वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, “भाऊ, थे साहेब पोटजात मोडा म्हनते. त्यायच्या पोराची सोयरीक कुठं झाली, हे इचारलं का तुमी?”

नाही विचारले, आम्ही म्हणालो.

“अन् तुमची?”

आम्ही वही मिटली आणि ताट पुढे केले.

लाडवण, सोमवंशी, बावणे ही नावे १९५६ च्या दीक्षेनंतरही विदर्भातल्या आपल्या सोयरिकींत जिवंत आहेत. मंचावर कुणी त्यांचा उच्चार करत नाही, परिचयपत्रकात मात्र करतात. जेवण झाल्यावर साहेबांना मावशींचा प्रश्न विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग खरे बोलले: मुलाची पसंती वेगळी होती, घरात वाद झाला, शेवटी लग्न ‘आपल्यातच’ लावले. त्या दिवशीचे सगळ्यात प्रामाणिक बोलणे तेच. जाताना म्हणाले, “एवढं गाळा. चळवळीची बदनामी होईल.”

आम्हाला लाहोर आठवले. १९३६ मध्ये जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला काही मजकूर नको होता. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे त्यांनी कळवले. परिषदच रद्द झाली, तेव्हा ते भाषण त्यांनी स्वतः छापले. आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, हे त्याच भाषणात आहे. मग आम्ही का गाळायचे?

पण बाबासाहेबांनी स्वतःचे शब्द कापू दिले नाहीत. इथे गोष्ट त्या मुलाची आणि सुनेची होती, त्यांना आम्ही काहीच विचारले नव्हते. बदनामीचे कारण आम्हाला मुळीच पटले नाही. जे घडते ते लपवल्याने चळवळीची अब्रू कशी वाचते, हे साहेबांनीच सांगावे. त्या दोघांची संमती नव्हती, एवढ्याचसाठी उत्तर काढले. प्रश्न मात्र जागेवर ठेवला आणि खाली लिहिले, ‘वक्त्यांच्या विनंतीवरून उत्तर वगळले आहे.’

मुलाखत प्रसिद्ध झाली त्या रात्री साहेबांचा फोन आला. “उत्तर काढलं, तर प्रश्न कशाला ठेवला? लोक काय समजतील?”

प्रश्न आमचा नाही, वरण वाढणाऱ्या मावशींचा आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी फोन ठेवला.

मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाला तर आम्हीही बगल दिली होती. त्याच रात्री मुलाखतीखाली आणखी एक ओळ जोडली: मुलाखत घेणाऱ्याचे लग्न पोटजातीतच झाले आहे.