बोटभर उंची

गाडीची उंची मोजायला मी शिंप्याची टेप वापरतो. लोखंडी टेपनं रंगावर ओरखडे उठतात. ही पिवळी टेप आईच्या शिवणाच्या डब्यातून माझ्याबरोबर इंग्लंडला आली. आकडे पुसट झालेत, पण अजून वाचता येतात. तिचं एक टोक चाकाच्या मध्यावर धरायचं आणि टेप मडगार्डच्या कमानीपर्यंत सरळ वर न्यायची. डावीकडं एक आकडा आला. उजवीकडं पाऊण इंच कमी. टायरमधली हवा बघितली, गाडी थोडी पुढं-मागं ढकलली, पुन्हा मोजलं. पाऊण इंच कमीच. इथं स्टिअरिंग उजव्या बाजूला असतं. एकट्यादुकट्या ड्रायव्हरचं पन्नास वर्षांचं ओझं गाडीच्या त्या अंगात मुरलं होतं.

गाडी १९७१ ची एमजीबी जीटी. जीटी ही अक्षरं ‘ग्रान तुरिस्मो’ या इटालियन शब्दांची. दोन माणसं, त्यांचं सामान, समोर दिवसभराचा लांबलचक रस्ता आणि संध्याकाळी उतरल्यावर पाठ जागेवर, एवढं ज्या गाडीला जमतं तिची ही पदवी. उघड्या टपाची एमजीबी आधीपासून होतीच. १९६५ मध्ये तिला पोलादी छत आणि मागं उघडणारं काचेचं दार मिळालं. त्या छताच्या रेषेला इटलीच्या पिनिनफारिना यांचा हात लागलेला. कारखाना ॲबिंग्डनला, थेम्सच्या काठच्या गावात. तो १९८० साली बंद पडला. मी राहतो तिथून ॲबिंग्डन अर्ध्या तासावर आहे, त्यामुळं गाडी आपल्या माहेराजवळच नांदते असं म्हणायला हरकत नाही.

विकत घेतल्यावर मी पहिल्यांदा तिच्याखाली सरपटत गेलो आणि हसू आलं. पुढं गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागं पाटे. हे पोट माझ्या ओळखीचं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली आमची प्रीमियर पद्मिनी खालून अशीच दिसायची. लहानपणी गॅरेजच्या खड्ड्यात उतरून मी ते पाटे बोटांनी मोजले होते. खालचा सगळ्यात आखूड, वरचा सगळ्यात लांब, एखाद्या कुटुंबाच्या फोटोसारखे उतरत्या क्रमानं रचलेले.

दिवाळी झाली की त्या पद्मिनीतून भोरहून पुण्याला इंद्रायणी तांदळाची पोती यायची. आम्ही पाच जण, तीन पोती आणि आजीनं भरलेलं जे काही असेल ते. पाटे सपाट व्हायचे, गाडीचं नाक वर जायचं, आणि कात्रजच्या घाटात हेडलाइटचा उजेड रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडायचा. एका वर्षी मिस्त्री म्हणाले, “साहेब, मागं एकेक पाटा वाढवून देतो. मग पाच पोती टाका.”

बाबा म्हणाले, “पोती वर्षातून एक दिवस. बाकीचे दिवस ती रिकामी गाडी आम्हाला उडवत नेईल, त्याचं काय?”

मला तेव्हा तो बाबांचा चिक्कूपणा वाटला होता.

म्हणूनच बहुधा मी पहिल्या खेपेला चुकलो. स्प्रिंगांची यादी उघडली की तीन वाटा दिसतात: मूळच्यासारख्या, जास्त कडक, आणि कडक असून गाडी खाली बसवणाऱ्या. माझं मन सरळ बोलत होतं. गाडी बसलीय, म्हणजे स्प्रिंगा मऊ पडल्यात; मऊ पडल्यात, तर कडक आणाव्यात. विक्रेत्यानंही मान डोलावली. नव्या स्प्रिंगेची तार जुनीपेक्षा किंचित जाड होती, डोळ्याला कळेल न कळेल इतकी. पण गुंडाळीच्या स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून तार दहा टक्क्यांनी जाड केली, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते. वेटोळं कापलं तरी ती कडकच होते, कारण पीळ घ्यायला तार कमी उरते. गाडी खाली आणायला वेटोळी कापणारे हा हिशेब विसरतात, आणि मग त्यांचा कणा तो सोडवत बसतो.

पुढं कडक स्प्रिंगा घातल्या, मागचे पाटे तसेच ठेवले, आणि बायकोला घेऊन ए-४० रस्त्यानं ब्रेकनकडं निघालो. ऑक्सफर्ड सुटून बर्फर्ड यायच्या आतच ती म्हणाली, “अरे, ही मान का टाकतीय सारखी?” खरंच, गाडी टांग्याच्या थकल्या घोड्यासारखी मान टाकत होती. चेल्टनमला थांबून चहा घेतला. परतीची गोष्ट तिनंच काढली.

मान टाकण्याचं कारण मला नंतर वाचताना सापडलं. मॉरिस ऑली हा रोल्स-रॉईसमध्ये तयार झालेला इंग्रज इंजिनिअर पुढं अमेरिकेत जनरल मोटर्सकडं गेला, आणि १९३० च्या दशकात त्यानं गाडीच्या झोक्यांचा पिच्छा पुरवला. रस्त्यातला उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. पुढचा भाग झोका घेऊ लागला की मागचा उशिरा सुरू होतो, आणि दोघांची ताटातूट झाली की गाडी मान टाकते. म्हणून मागच्या झोक्याची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद हवी, म्हणजे उशिरा निघालेलं मागचं अंग पुढच्याला गाठतं आणि दोघं मिळून एका पातळीत शांत होतात. मी पुढच्या अंगाला घाईचं केलं होतं. मागच्याला ते गाठता येणं शक्यच नव्हतं.

या लयीचा आकडाही सोपा आहे. गाडीच्या वजनानं स्प्रिंग चाकापाशी पंचवीस सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला एक झोका. अकराच सेंटिमीटर दबत असेल तर दीड. आरामाची लय या दोन्हींच्या आसपास राहते, आणि ती चालणाऱ्या माणसाच्या पावलांशी जुळते. कावड वाहणाऱ्याला हे न शिकता येतं. खांद्यावरचा बांबू वाकतो, दोन्ही टोकांची ओझी खालीवर होतात, आणि तो आपलं पाऊल त्या लयीत टाकतो. फार कडक बांबू खांदा सोलतो. फार मऊ बांबूची ओझी पायांत येतात. बांबू निवडणारा बाजारात तो दोन्ही हातांनी वाकवून बघतो, आणि आपलं ओझं किती हे त्याला आधीपासून ठाऊक असतं.

मला माझ्या गाडीचं ओझं ठाऊक होतं का? दोन माणसं, एक बॅग, सुट्टीच्या दिवशी डब्याची टोपली. शर्यत नाही, पोती नाहीत. गाडी पुन्हा जॅकवर चढवली.

कडक स्प्रिंगा उतरवल्यावर सगळ्यात आधी काढलेली जुनी स्प्रिंग कोपऱ्यातून उचलली. मूळच्या मापाची नवीही मागवली होती. दोघी बाकावर शेजारी उभ्या केल्या. जुनी बोटभर बुटकी. एमजीबीत पुढची स्प्रिंग चाकापासून आत, खालच्या आडव्या बाहूवर बसते, म्हणून तिथला थोडा फरक चाकापाशी मोठा होऊन दिसतो. तेवढं समजण्यासारखं होतं. पण दोघींत मऊ कोण, हे डोळ्यांना दिसेना.

मग एक उद्योग केला. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये छोटी हायड्रॉलिक प्रेस आहे. तिच्याखाली घरातला वजनकाटा ठेवला, त्यावर जाड फळी, फळीवर जुनी स्प्रिंग. काटा जुन्या पद्धतीचा, गोल तबकडीचा. प्रेस हळूहळू खाली आणून स्प्रिंग बरोबर अर्धा इंच दाबली आणि वाकून बघितलं. काटा शंभर किलोंच्या थोडा पुढं. मग नवी ठेवली, अर्धा इंच दाबली. काटा जवळजवळ त्याच रेघेवर येऊन थरथरत राहिला.

म्हणजे जुनी मऊ पडलेलीच नव्हती. नुसती बसली होती.

रॉबर्ट हुक मला तिथं आठवला. तरुणपणी तो जवळच्याच ऑक्सफर्डला शिकला, बॉईल या शास्त्रज्ञाच्या हाताखाली तिथंच हवेच्या पंपावर राबला. त्याला सापडलेला स्प्रिंगेचा नियम कुणी चोरू नये म्हणून १६७६ साली त्यानं तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, आणि दोन वर्षांनी उकल सांगितली: जेवढा ताण, तेवढा जोर. या दोहोंमधलं प्रमाण पोलादाच्या स्वभावावर आणि तारेच्या मापावर ठरतं, आणि वय झालं म्हणून पोलाद तो स्वभाव सोडत नाही. वर्षानुवर्षं ओझ्याखाली राहून स्प्रिंग आपली उभं राहण्याची जागा तेवढी खाली आणते. तिथून पुढं दाबाल तर पूर्वीच्याच हट्टानं ती तुम्हाला परत ढकलते. आमचे मिस्त्री ‘मऊ झाली’ असं कधी म्हणत नसत. “बसलीय, साहेब,” एवढंच म्हणत. शब्द नेमका होता. मी तो आयुष्यभर ऐकला आणि अर्थ भलताच घेतला.

तेव्हा हवी होती ती फक्त हरवलेली उंची. उंचीचा प्रश्न मी कडकपणानं सोडवायला निघालो होतो.

नवी बसवायलाही एक रविवार गेला. स्प्रिंगेच्या वेटोळ्यांतून साखळी ओवून ठेवली, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर तिला नातंगोतं कळत नाही. खालच्या थाळीला जॅक लावून इंचाइंचानं वर घेतलं. मागं मूळ बाकाचे नवे पाटे. मग कुठल्याही पुस्तकात बारीक अक्षरांत असते ती गोष्ट: रबराच्या बुशांचे बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. जॅकवर असताना आवळले तर रबर त्या लोंबत्या अवस्थेलाच घर समजतं, आणि गाडी जमिनीवर आली की जन्मभर पीळ खात राहतं. मी बोल्ट हातानं नुसते धरते केले, गाडी खाली घेतली, दोन्ही टोकांना जोर देऊन डुलवली, आणि मग फरशीवर आडवा होऊन पाना फिरवला.

चांगले कारागीर स्प्रिंग विकण्याआधी ती पूर्ण मिटेपर्यंत दाबून सोडतात. पहिलं बसणं तिथंच उरकावं, गिऱ्हाइकाच्या दारात नको, म्हणून. तरीही नवी स्प्रिंग थोडी बसतेच. म्हणून पहिल्या दिवशीची उंची मी लिहून ठेवली आणि पाचशे मैलांनी पुन्हा मोजली. टेप तीच. डावं-उजवं सारखं, दोन्हीकडं पाव इंच खाली.

मे महिन्यात बाबा आले. त्यांना शेजारी बसवून मी त्याच ए-४० वर निघालो. बर्फर्डच्या आधीचे उंचसखल तुकडे आले, गाडी एकदा वर झाली, एकदा खाली, आणि गप्प. बाबा बराच वेळ बाहेरची मेंढरं बघत होते. मग म्हणाले, “स्प्रिंगा कुठल्या टाकल्यास?”

“होत्या तशाच.”

“हं.” एवढंच. पण घरी येऊन उतरताना त्यांनी पुढच्या मडगार्डवर तळहात ठेवून एकदा दाबलं आणि सोडलं, अगदी मिस्त्रींसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला निघाले तर पँटीच्या मोहऱ्या टाचेखाली लोळत होत्या. चार वर्षांपूर्वी हीच पँट बुटाच्या वर नीट बसायची. मी काही बोललो नाही. त्यांनीच खाली बघितलं आणि म्हणाले, “बोटभर आत घे. कापू नकोस, नुसती दुमड.”

मी पिवळी टेप आणली आणि त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसलो. टेपचं टोक कमरेशी त्यांनी स्वतःच धरलं, घट्ट. मी ओढून बघितलं, हात तसूभर हलला नाही.

“एकाच पायाचं माप घेऊन उठू नकोस,” ते वरून म्हणाले. “दोन्ही मोज. सारखे नसतील.”

मोजले. नव्हतेच.