खऱ्या वारसाची शिक्षा

इंग्लंडच्या सातव्या हेन्रीविषयी माझं मत अनेक वर्षं एका पोराच्या हकिकतीवर उभं होतं. लॅम्बर्ट सिम्नेल हा ऑक्सफर्डकडच्या एका सामान्य घरातला, जेमतेम दहा-बारा वर्षांचा मुलगा. एका धर्मगुरूनं त्याला दरबारी रीतभात शिकवली आणि यॉर्क घराण्याचा वारस, वॉरिकचा अर्ल एडवर्ड, म्हणून उभं केलं. २४ मे १४८७ रोजी डब्लिनच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये त्याला राज्याभिषेकही झाला. भाडोत्री जर्मन शिपाई आणि आयरिश सैन्य घेऊन त्याचे पाठीराखे इंग्लंडात उतरले आणि १६ जूनला स्टोकच्या लढाईत त्यांची धूळधाण उडाली. बंडाचा पुढारी लिंकनचा अर्ल रणात पडला, पोरगा जिवंत सापडला. हेन्रीनं त्याला फासावर दिलं नाही. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात, विस्तवावर मांस भाजताना सळई फिरवत बसायचं काम दिलं. पुढे तो राजाचे शिकारी ससाणे सांभाळू लागला.

पंधराव्या शतकात असा राजा! मला त्याचं मनापासून कौतुक होतं. १४८५ साली बॉसवर्थच्या मैदानावर तिसऱ्या रिचर्डला मारून तो गादीवर आला, तेव्हा त्याचा हक्क आईकडून आलेला आणि तोही लंगडा. यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न करून त्यानं वैरी घराणं आपल्याशी जोडून घेतलं. पैशाचा हिशेब चोख, डोकं थंड. तीस वर्षांची यादवी मिटवणारा शहाणा आणि दयाळू माणूस, असंच मी त्याच्याविषयी बोलत आणि लिहीत आले.

ते मत आज राहिलेलं नाही. ज्याच्या नावानं सिम्नेलला मुकुट चढवला, तो खरा एडवर्ड त्या वेळी कुठं होता, या एका प्रश्नानं ते बदललं.

तो लंडनच्या टॉवरमध्ये होता. बॉसवर्थनंतर लगेच हेन्रीनं त्याला ताब्यात घेतलं तेव्हा त्याचं वय दहा. यॉर्क घराण्यातला राजा चौथा एडवर्ड याच्या भावाचा तो मुलगा, एवढाच त्याचा अपराध. डब्लिनचा वॉरिक खोटा आहे हे पटवण्यासाठी १४८७ मध्ये त्याला बाहेर काढलं, सेंट पॉल्समध्ये लोकांना दाखवलं आणि पुन्हा कोंडलं. लोकांना पुरावा म्हणून दाखवावं, इतकाच त्याचा उपयोग. हॉल नावाच्या बखरकारानं पुढे लिहून ठेवलं, की माणसं आणि जनावरं यांच्यापासून इतकी वर्षं तुटल्यामुळे या मुलाला हंस आणि कोंबडा यांतला फरकही कळेनासा झाला होता. त्यात अतिशयोक्ती असेल. पण वाढतं वय असं भिंतीआड काढलेल्या मुलाचं दुसरं काय होणार?

मग पर्किन वॉरबेक आला. तुर्ने गावचा हा तरुण १४९१ मध्ये आयर्लंडातल्या कॉर्क बंदरात उतरला आणि चौथ्या एडवर्डच्या, टॉवरमध्ये नाहीशा झालेल्या दोन राजपुत्रांपैकी धाकटा, रिचर्ड, म्हणून मिरवू लागला. बर्गंडीच्या मार्गारेटनं त्याला भाचा मानलं, स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सनं आपल्या नात्यातली मुलगी दिली. स्कॉटलंडशी लढायला हेन्रीनं कर बसवला, तेव्हा १४९७ मध्ये कॉर्नवॉलचे लोक लंडनवर चालून आले. त्यांचा एक पुढारी लोहार, दुसरा वकील. ब्लॅकहीथवर ते कापले गेले. त्याच वर्षी वॉरबेक शरण आला, त्यानं कबुलीजबाब दिला, आणि हेन्रीनं त्यालाही दरबारात नजरकैदेत ठेवलं. पळण्याचा प्रयत्न केला तेव्हा कुठं त्याची रवानगी टॉवरमध्ये झाली.

तिथं वॉरिक होताच. १४९९ मध्ये दोघांवर मिळून कट केल्याचा आरोप आला. २३ नोव्हेंबरला वॉरबेकला टायबर्नला फाशी दिलं आणि २८ तारखेला वॉरिकचं डोकं उडवलं. चौदा वर्षांची कैद, वय चोवीस. स्पेनची राजकन्या कॅथरीन हेन्रीच्या थोरल्या मुलाला द्यायची बोलणी त्या वेळी चालू होती. इंग्लंडच्या गादीवर आता दुसरा कुणी संशयास्पद हक्कदार उरला नाही, असं स्पेनच्या वकिलानं जानेवारी १५०० मध्ये मायदेशी कळवलं.

राज्य टिकवायचं तर हात रक्तानं माखतातच, हे मी नाकारत नाही. स्टोकवर आणि ब्लॅकहीथवर समोर हत्यारबंद माणसं होती. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया कोकणात उठला, किल्ले घेऊ लागला, आणि १७७६ मध्ये पुणे दरबारानं त्याला ठार केलं. त्या निर्णयामागची निकड मला समजते. वॉरिकनं मात्र ना फौज उभारली, ना गादी मागितली. त्याच्या नावाचं सोंग घेणाऱ्या पोराला पोटाला अन्न आणि हाताला काम मिळालं, आणि वॉरिकला कुऱ्हाड. हेन्री ज्यांना भीत नव्हता त्यांच्यावरच त्याची दया होती, असं मी आता म्हणते.

एवढं करून त्याला स्वस्थता लाभली नाही. १५०१ मध्ये यॉर्कच्याच रक्ताचा सफोकचा अर्ल परदेशी पळाला आणि नवा हक्कदार तयार झाला. १५०२ मध्ये ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो मुलगा आर्थर वारला. सरदारांकडून जबर रकमांची जामीनखतं लिहून घेऊन त्यांना दबावाखाली ठेवायचं, ही हेन्रीची अखेरपर्यंतची रीत झाली. त्याची हिशेबी हुशारी मी आजही मान्य करते. पण त्याला दयाळू म्हणणं मी सोडलं आहे, आणि सिम्नेलच्या मुदपाकखान्याची गोष्ट वॉरिकचं नाव घेतल्याशिवाय कुणी सांगू नये, अशी माझी विनंती आहे. वॉरिकची बहीण मार्गारेट पोल सत्तरीच्या घरात असताना, १५४१ मध्ये, हेन्रीच्या मुलानं तिचाही त्याच टॉवरमध्ये शिरच्छेद करवला.