दखनी बोलणारा मित्र

हैदराबादमधल्या आबिड्सच्या पार्श्वभूमीवर मराठीत कुमार-कादंबरी लिहायला घेतली की पहिलं भांडण संवादांशी होतं. रविवारी इथल्या बंद दुकानांपुढे, फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. माझी चौदा वर्षांची नायिका तिथल्या पुस्तकवाल्याशी दखनीत घासाघीस करते, मैत्रिणीशी तेलुगूत कुजबुजते, शाळेच्या नावाने इंग्रजीत कुरकुरते आणि आईचा फोन आला की मराठीत थापा मारते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला ही कटकट फारशी नव्हती. फुरसुंगीचा बन्या पुण्यात आला तरी भोवतालचे लोक बहुतेक मराठीच बोलत.

सगळ्यांच्या तोंडी प्रमाण मराठी घाला, असं मला एका संपादकांनी सुचवलं. ते मी ऐकलं नाही; या वयाच्या वाचकाला खोटा संवाद पहिल्याच पानावर कळतो.

पण दखनी लिहिणंही सोपं नाही. मराठी वाचक ती वाचायच्या आधीच हसायला बसलेला असतो. ‘गुमनाम’मधल्या (1965) मेहमूदपासून हिंदी सिनेमाने ती विनोदासाठीच राखून ठेवली. म्हणून माझ्या नायिकेच्या मित्राला, इम्रानला, पहिल्या तीन प्रकरणांत मी एकही विनोद दिलेला नाही. त्याचं पहिलं लांब बोलणं रागातलं आहे: “मेरेकू नक्को समझाओ.” शब्द मुद्दाम वेडेवाकडे लिहून उच्चार दाखवायचा मोहही टाळते. नायिकेचं मराठी आपण जसं नीट छापतो, तसंच त्याचं दखनीही छापायचं. तळटीपा नाहीत. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवादा’त तुर्काला त्याच्या बोलीतच बोलू दिलं, आणि वादात तो हिंदूच्या तोडीस तोड भांडतो. आपण मागे का सरकावं?

इथल्या मराठी मंडळींना यात धोका दिसतो. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झाली आणि आपण मागे उरलो, ही सल जुन्या घरांत अजून आहे. मुलं आधीच मराठी विसरतायत, त्यात पुस्तकातही खिचडी? त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. पण देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलीला पुस्तकात स्वतःचा आवाज सापडला, तर ती पुढचं पान उलटेल, एवढा माझा हिशेब आहे.

त्याहून अवघड गोष्ट इम्रानच्या स्वभावाची. हैदराबादवरच्या आपल्या गोष्टींत मुसलमान माणूस बहुधा रझाकार तरी असतो, नाही तर ईदला शिरखुर्मा पाठवणारे प्रेमळ चाचा तरी. मत्सर करणारा, गणितात हुशार, उधार घेऊन विसरणारा पंधरा वर्षांचा मुलगा क्वचितच भेटतो. हस्तलिखित वाचून एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, त्याला उधारखोर का केलंस? दुसऱ्या गृहस्थांना तो फारच हुशार वाटला. मी दोन्ही ठेवलं आहे. नायिकेचे दोनशे रुपये तो शेवटच्या प्रकरणापर्यंत परत करत नाही.