लालबागचे शटरराव

कॅमेऱ्याच्या पोटात, सेन्सरच्या दारावर शटरराव बसलेले असतात. दोन पडदे एवढाच त्यांचा संसार. पहिला सरकतो, उजेड आत येतो. दुसरा मागून येऊन दार लावतो. मधल्या वेळात जे घडलं तेवढंच ते खरं मानतात. आधीचं-नंतरचं त्यांना सांगायला जाऊ नका.

घाई ही त्यांची मोठी हौस. पाडव्याच्या सकाळी गिरगावात फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघाली, ऊन चढलं, की हे १/१००० सेकंदावर ठाण मांडतात. बुलेटवरच्या नऊवारीतल्या बाईच्या फेट्याचा शेमला उडाला तो उडालेलाच. दादरला हंडी फुटली तर दह्याचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा, असा चोख हिशेब.

याच हिशेबाचा त्यांना गर्व, आणि ढोलापुढे तोच नडतो. १/१००० वर ढोलाचं टिपरू पानापासून वीतभर वर थांबतं, मनगटाची शीर न् शीर दिसते, आणि ढोल मुका होतो. पोरगा वाजवतोय की नुसता पोज देऊन उभा आहे, कळत नाही. अशा वेळी शटररावांना बळेच १/६०, जमल्यास १/३० वर उतरवावं. ते कुरकुरतात, पण ऐकतात. मग वादकाचा चेहरा, कपाळावरचा घाम, दंडाला बांधलेला रुमाल लख्ख येतो आणि टिपरू तेवढं पुसट होतं. आता ढोल ऐकू येतो! मुरलेले फोटोग्राफर आणखी एक करतात. टिपरू वर पोचून परत फिरतं, तिथे ते निमिषभर थबकतंच. ताल मोजत बरोबर तिथे बटण दाबलं, तर १/६० वरही टिपरू बऱ्यापैकी रेखीव मिळतं. तालात कान नसलेल्याला शटरराव ही सवलत देत नाहीत.

फुलांच्या बाबतीतही मी त्यांच्या घाईच्या विरोधात आहे. विसर्जनाला लालबागच्या राजावर श्रॉफ बिल्डिंगवरून पुष्पवृष्टी होते. १/१००० वर त्या पाकळ्या फोटोवर चिकटवल्यासारख्या दिसतात. १/१२५ वर प्रत्येक पाकळीला बारीकशी शेपूट फुटते, मग ती पडताना दिसते.

सावकाश चालवलं की मात्र त्यांचा स्वभाव चिकित्सक होतो. २०० मिमीची लेन्स लावून १/२०० च्या खाली आलात, की तुमच्या हाताचा कंप ते इमानाने नोंदवतात. गर्दीत शेजाऱ्याचं कोपर लागलं, तेही. पण सोबत चालणाऱ्यावर त्यांची मर्जी बसते. मिरची गल्लीतून पोती लादलेली हातगाडी धावत निघाली, की १/१५ वर कॅमेरा तिच्याच वेगाने फिरवत न्या. गाडी आणि गाडीवाला ठळक उमटतात, मागच्या दुकानांच्या रंगीत रेघा होतात. दहांतली एखादी जमते, पण त्या एकीत गाडीवाल्याची सगळी घाई उतरते.

घराण्यात सगळेच उतावळे नव्हते. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या कुंडीसमोर कॅमेरा मांडला होता. रोज थोडंसंच चित्रण करायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी. सलग दाखवल्यावर पडद्यावर अंकुर सरसर वाढला. डोळ्याला अजिबात न दिसणारी चाल त्या पूर्वजाने धीराने पकडली.

आत्ताच्या शटररावांचा राग पाहायचा असेल तर त्यांना रात्री मंडपात न्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रोषणाईतले कित्येक स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. आपल्याला ते कळत नाही, यांना सहन होत नाही. १/१००० चा हट्ट धरलात तर मूर्तीवर काळपट आडवे पट्टे ओढून ठेवतात. १/१०० नाहीतर १/५० वर आणा, पट्टे जातात. आरतीची ज्योत किंचित हलते, टाळ्यांचे हात थोडे पुसट होतात. आरतीच्या फोटोत ते तसेच हवेत.