एकोणऐंशी

१९५७ साली नवे पैसे आले आणि सोळा आण्यांना सरावलेले आमच्या घरचे हिशेब अडखळले; रुपया मात्र तोच राहिला. आता अडखळते ती येथे बडोद्यात इंग्रजीतून शिकणारी आमची नात. तिला 'एकोणऐंशी' उमगत नाही. म्हणून ती संख्या आम्ही उभयतांस परक्या अशा साताच्या पायावर मांडली : १४२. म्हणजे एक एकोणपन्नास, चार साते, वर दोन. शेवटी दोन, तरी संख्या विषम! सात विषम, त्याचे सारे घातही विषम. म्हणून येथे अंकांची बेरीज पाहावी. ती सात, विषमच. शेवटच्या अंकाची खूण दहाच्या पायाची, संख्येची नव्हे. मूळ संख्या मात्र ती कोणत्याही पायावर मूळच.

"मराठीत पुन्हा सांगा, आजोबा." आम्ही सांगितले. तिने ते दोनदा म्हटले.