उजेड कुठून आला

भयपट म्हणजे अंधार, अशी आमची सोपी समजूत होती. 2023 साली पदविकेच्या शेवटच्या सत्रात भयपटाचा दोन मिनिटांचा ट्रेलर करायचं काम आम्हा पाच जणांच्या वाट्याला आलं, तेव्हा म्हणूनच आम्हाला खर्चाची फिकीर वाटली नाही. दिवे घालवायला पैसे थोडेच लागतात! वर्गणी काढून 1500 रुपये जमवले. आमच्यापैकी एकाच्या दादीचं मोहल्ल्यातलं जुनं, माडीचं घर मिळालं. कॅमेरा म्हणजे हातातला मोबाईल.

पहिल्या रात्री सगळे दिवे घालवून चित्रण केलं आणि पदरी काहीच पडलं नाही. अंधार झाला की मोबाईल आपणहून चित्र उजळवायला बघतो. पडद्यावर मुंग्यांसारखे दाणे वळवळत होते, मागची भिंत राखाडी दिसत होती आणि भीती कुठेच नव्हती. अंधार दाखवायलाही उजेड लागतो, हा धडा त्या रात्री मिळाला. मग आम्ही पडद्यावर बोट दाबून उजेडाचं माप पक्कं करायला शिकलो. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे, वायर, एक टॉर्च, उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा आणि स्टेशनरीच्या दुकानातला रंगीत जिलेटिन कागद, एवढ्यावर कामाला लागलो.

दिवा हलवत गेलो तसं एकेक कळत गेलं. दिवा भिंतीपासून तीन फुटांवरून सहा फुटांवर नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. म्हणून दिवा जवळ ठेवला तर माणूस उजळतो आणि मागची खोली आपोआप बुडते. माणूस दिव्याजवळ सरकला की त्याची भिंतीवरची सावली वाढत जाते. दर जुम्मेरातीला दादी लोबान जाळायची. तो धूर समोरच्या उजेडात जेमतेम दिसे. दिवा मागे ठेवला की तोच धूर खोलीभर उभा राहायचा.

आधीच्या लोकांनी हे कसं केलं तेही पाहिलं. 1942 सालच्या 'कॅट पीपल' या अमेरिकी चित्रपटाला पैसा कमी होता. त्यात पोहण्याच्या तलावाचा एक प्रसंग आहे. जनावर जवळजवळ दिसतच नाही. पाण्याची थरथर भिंतीवर, छतावर हलत राहते आणि बघणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. आपल्याकडे कमाल अमरोहींचा 'महल' 1949 साली आला. त्याचे छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग जर्मनीहून आलेले. सावल्यांनी भरलेल्या त्या हवेलीत मधुबाला भटकत्या रूहसारखी दिसते आणि शेवटी ती जितीजागती बाई निघते. भूत नव्हतंच. होतं ते उजेडाचं काम.

आमच्या गोष्टीत मात्र भूत होतं. हिरवी चादर पांघरलेला, दाढीवाला, डोळ्यांत सुरमा घातलेला एक फकीर माडीवर फिरतो, अशी ती गोष्ट. ती कुणा बाहेरच्यानं सुचवली नव्हती. आमच्यातले तिघे मोहल्ल्यातलेच, आणि कल्पना त्या तिघांचीच. फकिराचं काम करायला मित्राचे चाचा तयार झाले. चाचा टेलर. आम्हा तिघांचे ईदचे कपडे वर्षानुवर्षं त्यांनीच शिवलेले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. वेगळा मेकअप लागलाच नाही. मगरीबनंतर त्यांना जिन्यावर उभं केलं. टॉर्चला हिरवा जिलेटिन लावून हनुवटीखाली धरला आणि मागून लोबानचा धूर सोडला. मोबाईलवर बघितलं तर अंगावर काटाच आला. आम्ही अक्षरशः टाळ्या पिटल्या.

दादी काय चाललंय ते बघायला आली. चष्मा लावून तिनं ते चित्र दोनदा बघितलं आणि विचारलं, "ये कौन है रे? हमारे घर का तो नहीं दिसता."

तिचा स्वतःचा मुलगा होता तो. चाचा हसले, आम्हीही हसलो. पण त्या रात्री पुढचं काम झालं नाही.

उजेड वरून पडतो अशी माणसाच्या नजरेला सवय आहे. दिवसभर सूर्य वरच असतो. तो खालून आला की नाकाची, भुवयांची सावली वर चढते आणि ओळखीचा चेहराही परका होतो. हे कुणाच्याही चेहऱ्याचं होतं. आमच्या शॉटमध्ये मात्र आणखी काहीतरी होतं. दाढी, टोपी, हिरवा रंग आणि धूर एकत्र आले की प्रेक्षकानं घाबरायचं असतं, हे आम्ही कुठेतरी बघूनच शिकलो होतो. ती भीती आम्ही कमावली नव्हती, तयार होती ती उचलली. आणि ती चढवली कुणाच्या चेहऱ्यावर, तर लहानपणी आमचं माप घेणाऱ्या माणसाच्या.

दुसऱ्या दिवशी गोष्ट बदलली. चाचांना आता माडीवर हरवलेल्या मुलीला शोधायचं होतं. भीतीचं काम आम्ही खोलीवर सोपवलं. पडवीत झिरोचा बल्ब ठेवला. बंद दाराआड एक दिवा लावला आणि फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेला कुणाचे तरी पाय ओलांडून जाताना दाखवले. चाचांच्या हाती दादीचा जुना कंदील दिला. वातीचा उजेड मोबाईलला पुरेना, म्हणून काचेत बॅटरीवरचा छोटा दिवा तेलकट कागदात गुंडाळून बसवला. चाचा कंदील छातीशी धरत, आणि सावली पुन्हा भुवयांवर चढे. म्हणून आम्ही त्यांना तो कानाच्या उंचीवर, थोडा बाजूला धरायला सांगितला. अकरा वेळा जिना चढताना त्यांचा हात भरून आला. "शिलाई परवडली बाबांनो," एवढंच ते म्हणाले.

वर्गात ट्रेलर दाखवला. परीक्षकांनी विचारलं, "यात भूत कुठे आहे?" आम्हाला धड उत्तर देता आलं नाही आणि गुणही बेताचेच पडले. पण दाराखालून पाय सरकले तेव्हा मागच्या बाकावरून किंकाळी आली होती, ती आम्ही ऐकली होती. बाहेर पडताना वर्गातली एक मुलगी म्हणाली, "ते कंदीलवाले काका आले तेव्हा जिवात जीव आला." टोपी, दाढी सगळं तेच होतं. कंदील तेवढा वीतभर वर गेला होता.

पहिला शॉट आम्ही पुसून टाकलेला नाही. अधूनमधून काढून बघतो. तो आजही तितकाच भीतिदायक वाटतो, चाचांना रोज सलाम करणाऱ्या आम्हालासुद्धा.