कपोश्वारचा चोथा

बुडापेस्टहून नैर्ऋत्येकडे निघालेली आगगाडी काही तासांत कपोश्वार नावाच्या टुमदार नगरात पोहोचते. चित्रकार योझेफ रिप्ल-रोनाई यांचे हे जन्मगाव. परंतु सप्टेंबर ते जानेवारी या काळात येणाऱ्या प्रवाशाचे लक्ष चित्रांपेक्षा साखर कारखान्याकडे रांगेने जाणाऱ्या, बीटने भरलेल्या मालमोटारींकडेच अधिक जाते. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरांना नवल वाटेल, पण युरोपात पिकणारी जवळजवळ सारी साखर जमिनीखालच्या या पांढऱ्या कंदातून निघते.

१८९४ पासूनचा हा कारखाना आज हंगेरीतील एकमेव साखर कारखाना आहे. २००६ साली युरोपीय संघाने साखरेच्या आधारभूत किमतीत टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कपात ठरविली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच देशातील इतर कारखान्यांना टाळे लागले. कपोश्वार टिकले. त्याची कारणे अनेक असतील. त्यांतले एक मात्र डोळ्यांना दिसते, ते म्हणजे कारखान्यालगतच्या घुमटाकार टाक्या.

कोल्हापूर-सांगलीकडील वाचकांना उसाचे गणित ठाऊक आहे. ऊस आपले सरपण बरोबरच घेऊन येतो. चिपाड जाळले की बॉयलर पेटतो. बीटचे तसे नाही. बीटचे पातळ काप ऊन पाण्यात ठेवून साखर उतरवून घेतली, की मागे उरतो तो ओला चोथा. तो जळत नाही. वाळवावा तर त्यालाच इंधन लागते, आणि जनावरांना घालावा तर १९९० नंतर या देशातील गोधन बरेच घटलेले. इकडे रस आटविण्यासाठी वाफ हवी आणि वाफेसाठी बाहेरून आणलेला नैसर्गिक वायू. जानेवारी २००९ मध्ये युक्रेनमार्गे येणारा रशियन वायू सुमारे दोन आठवडे बंद पडला. तेव्हा हंगेरीला उद्योगांचा पुरवठा आखडता घ्यावा लागला. परावलंबनाची किंमत ताळेबंदात एरवी दिसत नाही. ती अशी एकाएकी वसूल होते.

कपोश्वारने त्याआधीच, २००७ साली, चोथा हवाबंद टाक्यांत कुजवून बायोगॅस घेण्यास आरंभ केला होता. हंगामात कारखान्याच्या इंधनाचा मोठा वाटा त्यातून भागतो.

अडचण एकच, पण हंगामी धंद्याच्या मुळाशी असलेली. व्याज बारमाही, कमाई मात्र चार महिन्यांची. शिवाय टाकीतील जिवाणूंना हंगाम कळत नाही, त्यांना रोज खाद्य लागते. म्हणून चोथा दाबून, मुरवून साठवावा लागतो. बिगरहंगामी वायूला गिऱ्हाईकही शोधावे लागले: नगरातील स्नानतलाव त्यावर तापू लागला, पुढे शुद्ध केलेला वायू सार्वजनिक वाहिनीत जाऊ लागला.

टाकीतून उरलेला गाळ शेतात परत जातो. मार्चच्या सुमारास पुन्हा बीटची पेरणी सुरू होते.